चला, ब्लेचली पार्कला!

दोस्तांनो, मोबाइलला प्रश्न विचारला की तो झटकन उत्तर देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा? हे मला इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याच्या आवारात कळलं. तेही माझ्या आठवीतल्या भाच्यामुळे! चला, तुम्हालाही तिथे घेऊन जाते.

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून गाडीत बसायचं. तासाभराच्या आत ब्लेचली येतं. स्टेशनातून पाच-सात मिनिटं चाललं की ब्लेचली पार्क! समोर तळं, पलीकडे लाल विटांचा वाडा आणि आजूबाजूला साध्या लाकडी बराकी. दुसऱ्या महायुद्धात इथे हजारो माणसं काम करत होती. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या, बरं का! काम एकच : शत्रूचे गुप्त संदेश उलगडायचे.

जर्मनांकडे ‘एनिग्मा’ नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र होतं. एक अक्षर दाबलं की दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागायचा. यंत्राची जुळणी रोज बदलायची. अशा जुळण्या किती असतील? १५९ लिहा आणि पुढे १८ शून्यं द्या! अटलांटिक महासागरातून ब्रिटनला अन्नधान्य नेणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. संदेश वेळेवर उलगडला, तर जहाजांची वाट बदलता येई.

आठ नंबरच्या बराकीत अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाची खोली जशी होती तशी मांडून ठेवली आहे. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला एक कप चक्क साखळीने बांधलाय! कप कुणी पळवू नये म्हणून ट्युरिंगसाहेब तसंच करायचे. तिथे भाचोबाने मोबाइल काढला नि विचारलं, “अ‍ॅलन ट्युरिंगचा जन्म कुठे झाला?” उत्तर तयारच होतं : “भारतात. त्यांचे वडील तिथे सरकारी नोकरीत होते.”

“मावशी, म्हणजे हा आपलाच माणूस की!” भाचोबा खूश. शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत त्याने लगेच लिहूनही घेतलं. मीही खूश झाले, कशाला खोटं बोलू?

त्याच आवारात संगणकांचं एक वेगळं संग्रहालय आहे. तिथे ‘बॉम्ब’ नावाचं यंत्र पुन्हा बांधून चालू केलंय. कपाटाएवढं धूड, त्यावर गरगर फिरणाऱ्या चकत्यांच्या रांगा आणि खडखड, खडखड आवाज! पोलंडच्या गणितज्ञांनी १९३९ साली आपलं ज्ञान ब्रिटिशांना दिलं. त्याच्या आधाराने ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्शमन यांनी हे यंत्र घडवलं.

आता गंमत ऐका. यंत्राला आधी माणसाने अंदाज द्यावा लागे. उदाहरणार्थ, पहाटेच्या संदेशात ‘हवामान’ हा शब्द असणारच! मग यंत्र भराभर जुळण्या तपासून न जमणाऱ्या बाजूला टाकी आणि एखादी जमतेय असं दिसलं की थांबे. थांबलं म्हणजे उत्तर सापडलंच असं मात्र नव्हे! पुष्कळदा ते चुकीच्या जुळणीवरही थांबायचं. म्हणून प्रत्येक वेळी माणूस ती जुळणी हाताने पडताळून पाही. खरा जर्मन मजकूर निघाला तरच मान्य.

तुम्ही म्हणाल, हे यंत्र शोधत होतं, शिकत कुठे होतं? बरोबर! शिकण्याची गोष्ट इथल्याच डोनल्ड मिची यांची. युद्धानंतर, १९६१ साली, त्यांनी ३०४ काडेपेट्यांना फुली-गोळा शिकवला! खेळातल्या प्रत्येक स्थितीला एक पेटी, पेटीत रंगीत मणी. जो मणी हाती येईल, ती खेळी. डाव जिंकला तर त्या रंगाचे मणी वाढवायचे, हरला तर काढून घ्यायचे. होता होता चांगल्या खेळींचे मणी वाढले आणि काडेपेट्या छान खेळू लागल्या. आता सांगा, काडेपेटीला खेळ ‘समजला’ होता का?

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता यापेक्षा प्रचंड मोठी आहे, पण शिकण्याचं मूळ सूत्र तेच. मण्यांच्या जागी अब्जावधी आकडे असतात. अफाट मजकूर पुरवून ‘पुढचा शब्द कोणता?’ हे तिच्याकडून घोटून घेतात. चुकलं की आकडे थोडे बदलतात. म्हणून तिचं वाक्य सफाईदार असतं. पण सफाईदार म्हणजे खरं नव्हे!

निघताना आम्ही संग्रहालयाच्या दुकानात ट्युरिंगचं चरित्र चाळलं. जन्म २३ जून १९१२, लंडन! वडील भारतात नोकरीला होते, हे खरं. आईचा जन्मही मद्रास प्रांतातला. मोबाइलने ‘भारत’ आणि ‘जन्म’ यांची बेमालूम सांगड घातली होती. अर्धं खरं असलेलं उत्तर असं पटकन पटतं.

भाचोबा हिरमुसला. मग त्याने वहीतली ओळ खोडली, खरी माहिती लिहिली आणि म्हणाला, “मावशी, यंत्र थांबलं होतं. तपासायचं आपण विसरलो!”

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारतासह २८ देश आणि युरोपीय संघ याच ब्लेचली पार्कात जमले होते. कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षित कशी ठेवायची, याचा त्यांनी विचार केला. तो विचार आपल्या घरातही करता येतो. आजच आई-बाबांना सोबत घ्या, मोबाइलला आपल्या गावाबद्दल पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं पुस्तकातून किंवा आजी-आजोबांकडून पडताळून पाहा. किती बरोबर निघाली, ते वहीत लिहून ठेवायला विसरू नका हं!