बिळात हात

मिरगाचा पाऊस पडला की कर्जत-खालापूरच्या बांधांवर रात्री बॅटऱ्या हिंडू लागतात. उन्हाळाभर खोल बिळात ओलीच्या आधाराने तग धरून बसलेल्या चिंबोऱ्या चरायला बाहेर पडलेल्या असतात. ही उचलाउचल पोरंही करतात. खरी कसोटी लावणी उरकल्यावर, बांधात शिरलेली चिंबोरी दिवसाउजेडी काढताना.

कातकरी बाई आधी बिळासमोर नुसती बसते. तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या, कडेला पायांच्या रेघा दिसल्या तर आत कोणीतरी आहे. कोळ्याचं जाळं असेल तर पुढचं बीळ. मग ती कुशीवर आडवी होते, गाल बांधाला टेकतो, हात खांद्यापर्यंत आत. कवच मागून धरायचं. समोरून गेलं की नांगा बसलाच. कधी हाताला पाणदिवड लागते. ती बिनविषारी, पण दचकायचं ते दचकायचंच. एखाद्या मादीच्या पोटाखालच्या झडपेत बारीक पिल्लं वळवळतात. समुद्रातल्या चिंबोरीची पिल्लं पाण्यावर वाहत जातात. ही मात्र अंड्यातून थेट चिंबोरी होऊनच निघतात आणि काही दिवस आईला चिकटून राहतात. अशी मादी सोडून द्यावी हे कळतं सगळ्यांना, सोडतात थोडेच.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गूइडक नावाचं भलंमोठं शिंपलं असंच मीटरभर खोल रेतीत गाडून घेतं आणि शंभरी ओलांडतं. पाणबुडे पाण्याच्या फवाऱ्याने रेती सैल करून ते उपसतात, विमानाने जिवंत चीनला धाडतात. वॉशिंग्टन राज्यात १९७० पासून हा रीतसर धंदा आहे. सरकार काढणीचा हक्क लिलावाने विकतं. आमच्या बांधाला असा लिलाव नाही. बिळांमुळे खाचरातलं पाणी रातोरात वाहून जातं, म्हणून शेतकऱ्याला चिंबोरी गेलेलीच बरी. त्याचं म्हणणं एवढंच, भोक बुजवून जा.

माल जिवंत हवा, म्हणून सगळा व्यापार अर्ध्या दिवसाचा. सकाळची टोपली दुपारच्या आत नेरळ-कर्जतच्या बाजारात, नाहीतर चौकच्या रस्त्याकडेला. किलो नाही, वाटा. ऊन चढलं की भाव उतरतो, हे गाडीवाल्या गिऱ्हाइकाला बरोबर ठाऊक असतं. भज्यांच्या प्लेटीला निमूट पैसे मोजणारा माणूस इथे दहा रुपयांसाठी अडून बसतो. घरी नेऊन नांगे पाट्यावर ठेचून, रस गाळून कालवण करणाराला मी तरी माफ करतो. ते मिक्सरमध्ये फिरवणाराला नाही.

आता बांधच मोडताहेत. खाचरं सपाट होऊन प्लॉट पडतात, भोवती कंपाउंड, फाटकावर वॉचमन. तो बाईला आत सोडत नाही. शनिवारी फार्महाऊसवर येणारे मालक मात्र रस्त्यात गाडी थांबवून विचारतात, "ताई, इथल्याच शेतातल्या ना?" बाई हो म्हणते. टोपली दोन गावं पलीकडून आलेली असते.