आमच्या आयांची नावं कोण लिहिणार?

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसांबद्दल जुना लेखी पुरावा शोधायला गेलं की हाती लागतात ती इंग्रज राजवटीतल्या अधिकाऱ्यांची कागदपत्रं. ल्युसी स्मिथचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही हेच खंड संदर्भग्रंथ म्हणून वाचले. त्यात धान्य दळणाऱ्या गोंड बायांचा फोटो आहे. खाली जमात लिहिली आहे, काम लिहिलं आहे, पण एकीचंही नाव नाही. महारांवरही वेगळं प्रकरण आहे. त्यात आमच्या पणज्या ‘जात’ म्हणून सापडतात, बाई म्हणून नाही.

ही चूक अनवधानाने झालेली नाही. राज्य चालवायला माणसांची वर्गवारी पुरते, नावं लागत नाहीत. जातिव्यवस्थेचंही तसंच आहे.

हा अनुभव फक्त आपला नाही. १८५० मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासिझ यांच्यासाठी गुलाम स्त्री-पुरुषांचे उघड्या अंगाने फोटो काढले गेले. काळी माणसं हलक्या वंशाची आहेत हे ‘शास्त्रा’ने सिद्ध करायचं होतं. त्यात रेंटी होते आणि त्यांची मुलगी डेलियाही होती. कॅरी मे वीम्स या कृष्णवर्णीय कलावंत बाईंनी १९९५-९६ मध्ये तेच फोटो घेतले, लाल रंगात मोठे केले आणि वरच्या काचेवर त्या माणसांशी थेट बोलणारे शब्द कोरले. हार्वर्डने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. वीम्स हटल्या नाहीत. पुढे रेंटींच्या वंशज म्हणून टमारा लॅनियर कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये हार्वर्डला ते फोटो सोडायला तयार व्हावं लागलं. म्हणजे ‘फोटो कुणाचा?’ हा सरळसरळ हक्काचा प्रश्न आहे.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी ठणकावून सांगितलं आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. हे नातं आपल्याला नवं नाही.

आपल्याकडे हेच काम पुण्याच्या राज्यश्री गुडी करतात. त्याही समाजशास्त्र शिकलेल्या. दलित आत्मकथनांत भूक, उष्टं, शिळं यांचे जे प्रसंग येतात, ते त्यांनी पाककृतींच्या रूपात मांडले. ‘ईट विथ ग्रेट डिलाइट’ या २०१८ च्या कामात त्यांनी स्वतःच्या घरातले जुने फोटो लावले. त्यात आपली माणसं आनंदाने एकत्र जेवताना दिसतात. सवर्ण नजरेला दलिताचं ताट फक्त रिकामं किंवा ‘घाणेरडं’ दिसतं. वाढदिवसाचा केक खाणारं दलित पोर त्या नजरेत बसतच नाही. मनुस्मृतीच्या प्रतींचाही त्यांनी कागदाचा लगदा केला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळलं गेलं, त्याचाच हा पुढचा धडा आहे असं आम्ही मानतो.

आपलेच काही कार्यकर्ते विचारतात, ‘गॅलरीतल्या कलेने वस्तीत काय फरक पडतो?’ प्रश्न रास्त आहे. पण १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीची झाली आहे. ती त्या दिवशी कुठल्या गावाहून कशी आली, शिदोरीत काय होतं, घरातले देव कुणी बाहेर काढले, हे कुठल्या खंडात लिहिलंय? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ साठी गावोगाव जाऊन बायांना बोलतं केलं, त्यालाही आता तीन दशकांहून जास्त काळ लोटला. अशा आज्या आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. त्या गेल्या की पुन्हा रसेलच्या खंडांकडेच जावं लागेल.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. वस्तीतल्या प्रत्येक विहारात एक वही ठेवा. घरातले जुने फोटो बाहेर काढा, मागे नाव, गाव, साल लिहा. आजीला विचारा: रोवणीला गेल्यावर पाणी कुठून मिळायचं, कोण वरून ओतायचं? तिची भाषा जशीच्या तशी उतरवा, ‘शुद्ध’ करू नका. वही विहारातच राहील, कुणा संशोधकाच्या बॅगेत जाणार नाही.

आणि गोंड, माडिया बायांच्या वतीने आपण बोलायचं नाही. त्यांची वही त्यांची ग्रामसभा ठेवेल. पण आजही संस्थांच्या अहवालांत नुसतं ‘आदिवासी महिला’ असं लिहून फोटो छापले जातात. १९१६ आणि आज यात फरक काय राहिला? तिला विचारल्याशिवाय फोटो नको, आणि तिची मर्जी असेल तर नावाशिवाय फोटो नको. एवढा नियम तर आपण सगळे आजपासून पाळू शकतो.

जयभीम!