कासची इवली फुलं आणि आपला कॅमेरा

मैत्रिणींनो, कासच्या पठारावर जाऊन आलेल्या कुणालाही विचारून पाहा. पहिलं वाक्य, "काय ती फुलं, काय ती फुलं!" आणि दुसरं, "पण फोटोत काही आलंच नाही गं!" पठार येतं, ढग येतात, मुलांच्या रंगीत टोप्या येतात, पण ज्यांच्यासाठी एवढा घाट चढलो ती इवलीशी फुलं मात्र धुक्यातून पाहिल्यासारखी पुसट. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, याच्याच चार गोष्टी आज सांगणार आहे.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेलं की सुमारे २५ किलोमीटरवर कास. जांभ्या दगडाचं हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंच. दगडावर मातीचा थर इतका पातळ की मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच नाही. म्हणूनच इथे राज्य आहे ते पावसाबरोबर उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या चिमुकल्या वनस्पतींचं. पश्चिम घाटातली जी स्थळं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कासही आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर असतो. हंगामात रोज ठरावीक माणसांनाच आत सोडतात, तेव्हा आधी नोंदणी करा आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा.

आता फुलं किती लहान ते ऐका. 'सीतेची आसवं' हे निळं-जांभळं फूल जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढं. दिसायला एवढं नाजूक, पण त्याला जमिनीत बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढले जातात. 'दवबिंदू' तर त्याहून वस्ताद! पानांच्या केसांवर चमकतात ते दवाचे थेंब नव्हेतच, तो चिकट रस असतो. किडा बसला की अडकलाच. आणि पांढऱ्या बटणासारखा दिसणारा 'गेंद' हे एक फूल नसून कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ असतो. हे सारं नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. चांगला फोटो काढला तरच कळतं, म्हणून तर हा खटाटोप.

फोटो पुसट का येतो? अंगठा डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्याच्याकडे पाहा. मागची भिंत धूसर होते की नाही? कॅमेऱ्याच्या भिंगाचंही तसंच. वस्तू जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ. फिल्मच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याने फूल फिल्मवर मूळ आकाराचं उमटेल इतकं जवळून घेतलं आणि भिंगाचं छिद्र एफ-८ वर ठेवलं, तरी हा थर जेमतेम १ मिलिमीटरचा असतो. पाकळीचं टोक स्पष्ट आलं तर मधला भाग गेलाच म्हणून समजा. फोनच्या कॅमेऱ्यात हा थर थोडा जाड मिळतो, तेव्हा महागडा कॅमेरा नाही म्हणून खट्टू होऊ नका.

आता प्रत्यक्ष कृती.

पहिलं म्हणजे भिंग पुसा. कासच्या धुक्यात ते क्षणात ओलं होतं. जुन्या मलमलीचा स्वच्छ, मऊ तुकडा पिशवीत असू द्या.

दुसरं, फार जवळ जाऊ नका. बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा अगदी नाकाशी आणलेल्या वस्तूवर स्थिरावतच नाही. वीतभर मागे सरका आणि दुपटीने मोठं करून घ्या. फोनमध्ये 'मॅक्रो'ची सोय असेल तर ती वापरा, मात्र तेव्हा फोनचीच सावली फुलावर पडत नाही ना, ते पाहा.

तिसरं, पडद्यावर फुलाच्या मध्यावर बोट टेकवून धरा. बहुतेक फोनमध्ये त्यामुळे नेम तिथेच बांधला जातो. फुलाची पसरट बाजू आणि फोन समोरासमोर, समांतर ठेवा, म्हणजे सगळ्या पाकळ्या त्या पातळ थरात बसतील.

चौथं, हात हलू देऊ नका. पायवाटेवरच उकिडवं बसा, कोपर गुडघ्यावर टेका, श्वास सोडून झाला की बटण दाबा. वारा असेल तर थांबा. तो मधूनमधून पडतोच. पठारावर छत्री लागतेच, तीच वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली की आडोसा होतो. ढगाळ उजेड उत्तम. कडक उन्हात पांढरी पाकळी नुसती चुन्यासारखी दिसते.

पाचवं, एकावर समाधान मानू नका. केसभर पुढे-मागे होत दहा-बारा फोटो घ्या. त्यातला एखादा नेमका साधतो. बाकीचे घरी येऊन पुसून टाका.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं, बरं का. वाटेपासून दूर असलेल्या फुलाचा फोटो घ्यायचाच नाही! "एकच पाऊल तर टाकायचंय" असं प्रत्येकीला वाटतं. पण यांतली पुष्कळ रोपं एका पावसाळ्याचीच सोबती. बी धरण्याआधी ती चिरडली, तर पुढच्या वर्षी तिथे उगवायचं कुणी? आणि तो बोटभर मातीचा थर पावलांनी दबला की पाणी मुरायचीही पंचाईत. फूल खुडून तळहातावर ठेवून काढलेला फोटो स्पष्ट येईल हो, पण ते फूल बी न टाकताच गेलं. वाटेच्या कडेलाही फुलं काही कमी नसतात. फक्त खाली वाकून पाहायची सवय हवी.

हात बसायला मात्र घरीच सराव करा. दुपारी खिडकीशी पांढऱ्या कागदावर मोहरीचे चार दाणे ठेवा, नथीचा मोती ठेवा, भरतकामाचा एखादा टाका घ्या. मोहरीचा एकेक दाणा वेगळा, गोल, स्पष्ट दिसू लागला की कासला जायला तुम्ही तयार. मुलांनाही हाताशी घ्या. स्थिर बसायला शिकवायची याहून सोपी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

आल्यावर दोन-तीन चांगले फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे फुलाचं नाव, जागा नि तारीख लिहा. आलेल्या पाहुण्यांना आवर्जून दाखवा. ज्याने हरभऱ्याएवढ्या फुलातली नक्षी एकदा नीट पाहिली, तो पठारावर पाऊल जपूनच टाकतो.