साडेसातची गाडी

संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेवर माझी बदली झाली तेव्हा पहिला सल्ला मिळाला तो पाण्याचा. "तिकडचं पाणी पिऊ नका मॅडम, घरून नेत जा." पूर्णेच्या काठचा हा खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कितीतरी गावांत विहिरीचं आणि हातपंपाचं पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांमुळे हा पट्टा अधूनमधून पेपरात येतो. म्हणून मी खामगावहून पाण्याची बाटली नेऊ लागले. दुसरा सल्ला तिथल्या जुन्या बाईंनी दिला, जरा बाजूला घेऊन: "आणलं तरी बेतानंच प्या. जायला जागा नाही."

तसं स्वच्छतागृह होतं. त्यात मोडके बाक आणि गंजलेले पत्रे रचलेले होते, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरुष शिक्षक शेताच्या बांधाकडे जाऊन येत. आम्ही दोघी बायका आणि वरच्या वर्गातल्या मुली संध्याकाळपर्यंत तशाच. माझी बाटली निम्मी भरलेलीच घरी परत यायची.

आता सकाळचं सांगते, कारण खरं बिनसलं ते सकाळीच. आमच्या घरात सात माणसं आणि संडास एक. सासरे आधी, मग नवरा, मग शाळेची मुलं. सुनेचा नंबर शेवटी, तोही डबे, पाणी, पूजेची भांडी आटोपल्यावर. साडेसातची गाडी चुकली की शेगावहून वरवट बकालकडे जाणारी पुढची गाडी चुकायची. त्यामुळे उभ्या उभ्या चहा घशात ओतायचा आणि स्टॅण्ड गाठायचं. पोटात काही गेलं की खालच्या मोठ्या आतड्याला जाग येते, हे शरीराचं मुळातलंच ठरलेलं आहे. जठर ताणलं गेलं की मोठं आतडं आकसायला लागतं आणि आतला मळ एकदम पुढे सरकतो. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्या-प्यायल्यानंतर हा जोर सर्वांत जास्त. माझा चहा आपलं काम चोख करायचा, फक्त ते फळ मिळायचं खिरोड्याच्या पुलावर. खाली पूर्णा, गाडीत माणसांची खेचाखेच, आणि मी दात आवळून बसलेली. दहा मिनिटांनी कळ ओसरायची. बरं वाटायचं.

पाचवी-सहावीला पचनसंस्था मीच शिकवायची. फळ्यावर अन्ननलिका, जठर, सहा मीटरचं लहान आतडं रंगीत खडूनं काढायची, पाचकरसांची नावं पोरांकडून घोकून घ्यायची. मोठ्या आतड्यापाशी पोचेस्तोवर तास संपत आलेला असायचा, आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागलेली. ते दीडेक मीटर आतडं एका वाक्यात उरकायचं. ते काय काम करतं हे मला कळलं ते खामगावच्या एका सर्जनकडे, कुशीवर झोपून.

तोवर बरीच वर्षं गेली होती. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. सासूबाई एरंडेल द्यायच्या, शेजारच्या काकू सोनामुखीचं चूर्ण द्यायच्या, कुणी हिरडा सुचवायचं. त्या रात्रीपुरतं काम व्हायचं, पुन्हा आठवडाभर खडखडाट. मग एकदा शौचाला बसले असताना काच फिरल्यासारखी वेदना झाली आणि रक्त पडलं. घरी सगळे म्हणाले मूळव्याध. आमच्याकडे खालचं काहीही दुखलं की ती मूळव्याधच. एसटी स्टॅण्डच्या आसपासच्या भिंती 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन, खात्रीशीर' अशा पाट्यांनी भरलेल्या असतात. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अशाच एका पाटीवाल्याकडून कसलंसं इंजेक्शन घेऊन आले आणि पुढे कित्येक महिने त्यांना धड बसता येत नव्हतं. ते बघितलेलं असल्यामुळे मी डिग्री बघून दवाखान्यात गेले.

मूळव्याध नव्हतीच. फिशर होतं. मूळव्याधीत गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली उतरतात. रक्त पडतं, पण बऱ्याचदा दुखत नाही. फिशर म्हणजे कडक मळानं कातडीला पडलेली चीर. तिच्या वेदनेनं आतला स्नायू आवळून बसतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरत नाही. दुखेल या भीतीनं माणूस जायचं टाळतो, टाळल्यानं मळ आणखी कडक होतो आणि पुढच्या खेपेला चीर पुन्हा उकलते.

"कळ येते का?" सर्जननी विचारलं.

"नाही येत."

"आधी कधी यायची?"

"गाडीत."

ते हसले, पण मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी कागदावर चित्र काढलं. शौचाच्या वाटेला दोन दारं आहेत. आतलं आपल्या ताब्यात नाही. मलाशयात मळ उतरला, भिंत ताणली गेली की ते आपसूक सैल होतं. बाहेरचं आपल्या हातात आहे, ते आवळून धरता येतं. धरलं की मलाशयाची भिंत सैलावते आणि कळ विरते. मळ मात्र तिथंच राहतो आणि आतडं त्यातलं पाणी ओढत राहतं. हे वर्षानुवर्षं चाललं की मलाशय मोठं होतं आणि थोड्याशा ताणानं त्याला काही जाणवेनासं होतं. काही जणींत तर याहून उलटं होतं: जोर लावताना जो स्नायू सोडायचा, तोच त्या नकळत आवळतात. मग कितीही कुंथलं तरी उपयोग नाही, तो स्नायू सोडायला पुन्हा शिकावं लागतं.

हे सगळं मी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सांगितलं, बरंच शास्त्रीय करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि कढईत झारा फिरवत म्हणाल्या, "गायीले पानी नाई पाजलं त तिचं शेन बी गोवरीवानी पडते, मॅडम. त्याले चित्र कायले काहाडा लागते?"

पाण्याचा हिशेब खरोखर थक्क करणारा आहे. आपण पितो-खातो त्यातलं दोनेक लिटर आणि लाळ, जठररस, पित्त असं शरीरानं स्वतः ओतलेलं सातेक लिटर, मिळून रोज सुमारे नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. बहुतेक सगळा लहान आतडं परत शोषतं, उरलेला लिटर-दीड लिटर मोठं आतडं शोषतं, आणि मळातून बाहेर जातं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. हा हिशेब बिघडला की काय होतं ते आमच्या जिल्ह्यानं 20 फेब्रुवारी 2024 ला पाहिलं. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताह चालू होता. एकादशीच्या प्रसादानंतर दोनशेच्या वर माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा रस्त्यालगत झाडांना दोर बांधून सलाइनच्या बाटल्या टांगल्या. आतड्यात विष गेलं की शोषण मंदावतं आणि उलट पाणी आत सुटायला लागतं. माणूस जातो तो या पाण्यापायी. ते तोंडानंही भरून काढता येतं, कारण साखर आणि मीठ सोबत असले की आतडं त्यांच्याबरोबर पाणी ओढून घेतं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणानं हजारोंना वाचवलं. माझ्या आतड्यात पाणी ओढण्याचं काम मात्र फार इमानेइतबारे चाललं होतं, आणि त्याला चार-चार दिवस वेळ मिळत होता.

उपाय तसे साधेच निघाले, म्हणून ते पाळणं अवघड गेलं. मलम, पातळ औषध, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसणं. इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर. ते स्वतः पाणी धरून फुगतं, कोरडं घेतलं तर आतच अडकून बसतं. ज्वारीची भाकरी पुन्हा रोज ताटात. आमच्या शेतात सोयाबीन आल्यापासून ज्वारी मागे पडली होती आणि घरात पोळीच चालायची. सर्वांत कठीण होतं ते चहानंतर रोज ठरल्या वेळी जाऊन बसणं, कळ असो वा नसो. त्यासाठी सुनेचा नंबर वर आणावा लागला. त्यावरून घरात जे झालं ते इथं सांगत नाही, पण शेवटी मोरीशेजारी दुसरा संडास बांधला गेला. गुडघे दुखायला लागल्यावर कमोड घेतला, तेव्हा पायाखाली लाकडी पाट ठेवायला लागले. उकिडवं बसल्यावर मलाशयाचा वाकलेला कोन सरळ होतो. पाटानं त्यातलं थोडं तरी साधतं.

याच काळात गावात गुड मॉर्निंग पथकं सुरू झाली. आम्हा काही शिक्षकांनाही त्यांत जुंपलं होतं. भल्या पहाटे बॅटऱ्या घेऊन गोदरीच्या वाटेवर उभं राहायचं आणि टमरेल घेऊन येणाऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं. शिट्टी कुणी वाजवायची यावर आमच्यात वाद व्हायचे. बायका आम्हाला पाहून तशाच माघारी वळायच्या. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी संडास होता पण पाणी नव्हतं. त्या वळताना दिसल्या की माझ्या पोटात कालवायचं. पुढे 2018 मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास झाले हे चांगलंच झालं. पहाटे अंधारात किंवा थेट रात्रीच जाण्याचा जाच पुष्कळ बायकांचा सुटला. पण परत फिरलेल्या त्या बायकांचं त्या दिवशी पुढे काय झालं, हे कोणत्याच तक्त्यात भरायचं नव्हतं.

पन्नाशी ओलांडल्यावर एकदा पुन्हा रक्त दिसलं, या वेळी मळात मिसळलेलं आणि न दुखता. आपल्याला फिशर आहेच, असं म्हणून गप्प बसावंसं वाटत होतं. सर्जननी मात्र लगेच अकोल्याला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं. रक्त मिसळून येणं, काळा मळ, कारणाशिवाय घटणारं वजन, अंगातलं रक्त कमी होणं, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांतलं काहीही असलं तर मूळव्याधीच्या नावावर खपवू नये, असं त्यांनी बजावलं. आदल्या दिवशी आतडं धुण्यासाठी ते खारट औषधी पाणी लिटरच्या हिशेबानं प्यायला लागलं. खारपाणपट्ट्यात एवढी वर्षं जे टाळलं ते एका रात्रीत भरून निघालं. पडद्यावर माझं आतडं दिसलं, गुलाबी, ओलसर, घड्याघड्यांचं. टोकाला अपेंडिक्सचं बारीक तोंडही दाखवलं. वाटेत एक छोटा कोंब सापडला, तो तिथंच काढला. अहवाल साधा आला. असे काही कोंब वर्षानुवर्षांनी कर्करोगाकडे वळतात, म्हणून पुढची तारीख त्यांनी आत्ताच लिहून दिली.

नोकरीची शेवटची वर्षं दुसऱ्या शाळेत गेली. तिथं पाण्याची टाकी होती, दाराला आतून कडी होती. माझ्या वर्गात करंगळी किंवा दोन बोटं दाखवून परवानगी मागायची पद्धत मी बंद केली. ज्याला जायचं त्यानं उठून जावं, तास चालू असो की परीक्षा. मुख्याध्यापकांना ते पटलं नाही. वर्गाची धर्मशाळा होईल म्हणाले. थोडी झालीच. दोन-चार पोरं त्या नावाखाली मागच्या चिंचेवर दगड मारून यायची आणि खिसे फुगवून बाकावर बसायची. मुली मात्र आपल्या आपण उठायच्या, यायच्या, आणि आल्यावर टाकीवर पाणी प्यायच्या.