कळण्याचं पीठ

बचत गटाची बैठक उरकली की मी स्वयंपाक करून दाखवते. अमळनेर, पारोळा, कधी धुळ्याकडची गावं. 'पोषण' शब्द मी काढत नाही, बाया उठून जातात. 'एकदा करा, पंधरा दिवस खा' म्हटलं की सरकून जवळ बसतात.

जास्त विचारणा कळण्याच्या पिठाची. खान्देशात कळण्याची भाकर नवी कोणाला? पण किराणा महागला तसे डब्यातले उडीद गेले, नुसती ज्वारी उरली. हिवाळ्यात पाहुणे आले, भरीत केलं, तरच कळण्याची भाकर. मी चार वाट्या ज्वारीला वाटीभर सालाचे उडीद आणि खडेमीठ घालून एकदमच दळून आणते. डाळ भाकरीतच आली. वर लसणाची चटणी नाहीतर ठेचा. फडक्यात बांधून शेतात नेता येते. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे वेगळी डाळ कोण शिजवणार?

एका गावात एक आजी म्हणाल्या, "तू काय आमले शिकाडशी? उडीद कथाईन आनू ते सांग."

बरोबरच होतं त्यांचं. त्यावर तासभर वाद झाला. बचतीचा पैसा खाण्यात घालायचा का, हाच मुद्दा. शेवटी ठरलं, खरिपाचा उडीद निघाला की गटाने एक पोतं घ्यायचं, हप्त्याने फेडायचं. पोतं आलं. पहिला वाटा आजींनीच नेला, आणि जाताजाता माझं पीठ जाड दळलेलं असतं, हेही सुनावलं.