केर कुणाचा?

हुपरीत केर बाहेर टाकत नाहीत. ज्या घरात चांदीचं काम चालतं तिथं तर नाहीच, आणि आमच्या लहानपणी काम न चालणारं घर शोधावं लागे. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणांचं. शेजारची रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली आणि हद्दीपलीकडं कर्नाटकातली मांगूर, कारदगा ही गावंही त्याच कामात. सोप्यात एकजण तार ओढतोय, दुसरा कड्या जोडतोय, एखादी काकी मांडीवर पाटी घेऊन घुंगरं लावतेय. चांदी आटवायची, कांब पाडायची, जंतरातून तार ओढायची, कापायची, झाळायची, कानस मारायची, उजळायची. या प्रत्येक पायरीला ती थोडी थोडी सांडते. कानशीचा किस तर इतका बारीक, की जमिनीवर पडलेला दिसत नाही. तो तळपायाला चिकटतो, लुगड्याच्या काठात बसतो, केसांत जातो. म्हणून केर काढायचा तो सुपलीत, सुपलीतून रॉकेलच्या जुन्या डब्यात. हात धुतलेलं पाणीही मोरीत सोडायचं नाही, पिंपात साठवायचं. आम्ही पोरं खेळायला पळालो की उंबऱ्यावर आजीचा आवाज यायचा, "पाय झटक आदी. रस्ता चांदीचा करायचाय व्हय?"

वडील आणि दोन काका, तिघांचं काम एकत्र. चांदीचा हिशेब वडिलांकडं. सकाळी काट्यावर तोलून चांदी वाटायची, संध्याकाळी आलेला माल पुन्हा तोलायचा. आजोबा तोळ्यांत बोलत, वडील ग्रॅममध्ये, 11.66 ग्रॅमचा तोळा आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. दिलेली चांदी आणि आलेला माल यातला फरक म्हणजे घट, आणि घट किती यावी याचा अंदाज प्रत्येकाच्या डोक्यात पक्का. जास्त आली की वडील चष्मा काढून पुसायचे, बोलायचे काही नाहीत. तेवढ्यावर समोरचा माणूस, मग तो सख्खा भाऊ का असेना, मान खाली घालायचा.

घरातली प्रत्येक गोष्ट अशी काट्यावर चढायची. चढत नव्हता तो फक्त केर.

केर बायकांचा. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. विचारलंही नव्हतं कुणी. दिवेलागणीला कारागीर उठले की आई, दोन्ही काकी आणि आजी सोप्यात यायच्या. अंथरलेल्या गोणपाटाची चारी टोकं उचलायची, मधोमध सगळं गोळा करायचं, मग कुंच्यानं पाट, ऐरणीचा ठोकळा, भिंतीची कड. शेवटी एकेक बाई गोणपाटावर उभी राहून ओचा झटकायची. ओले पाय ज्या फडक्यानं पुसले ते फडकंही डब्यात. शेगडीतली राख डब्यात. दिवाळीआधी झारेकरी यायचा. परड्यात बसून तो केर जाळायचा, राख पाण्यात घोळायचा, वरचा गाळ हळूहळू ओतून द्यायचा. चांदी वाळूच्या चौपट जड, ती तळाशी राहते. उथळ परातीत काळसर लगद्याखाली एक करडी रेघ उमटली की आजी पुढं सरकून बसायची. भाव तीच करायची. पैसे तिच्या कनवटीला. पुरुष त्या दिवशी नेमके कोल्हापूरला गेलेले असत.

त्या पैशाचं काय व्हायचं, हे मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. धाकट्या काकीचं तिसऱ्यांदा पोट पडलं तेव्हा तिला मिरजेला नेलं ते केराच्या पैशानं; घरात सांगितलं, देवीला गेल्यात. आईनं तिच्या विधवा बहिणीला शिलाई मशीन घेऊन दिलं. मी कोल्हापूरच्या कॉलेजात जायचं ठरलं आणि वडील ‘बघू’ म्हणाले, तेव्हा एस.टी.चा पास दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात होता. ‘बघू’चं पुढं काय झालं हे वडिलांनी कधी विचारलं नाही.

त्यांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. कानस जरा दाबून मारली की किस जास्त पडतो, ही गोष्ट हुपरीत शेंबड्या पोराला कळते. ज्या महिन्यात घट किंचित वर गेली त्या महिन्यात घरातल्या कुठल्यातरी बाईची काहीतरी नड होती, एवढं गणित त्यांना नक्की येत होतं. पण ते गणित मांडलं असतं तर कुणालातरी चोर म्हणावं लागलं असतं, आणि त्याआधी त्या नडीचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा चष्मा पुसणं बरं. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एक देवघर. आमच्याकडं चारही होत्या. पण घर तगून होतं ते या चारांच्या बाहेर ठेवलेल्या एका डब्यावर, ज्याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही.

याचे गोडवे गाणं मात्र मला जमत नाही. तो डबा न्यायी होता, कारण आजी बहुतेक वेळा न्यायी होती. थोरल्या काकीनं एकदा तिला उलटं उत्तर केलं, तर दोन दिवाळ्या तिच्या हातावर काही पडलं नाही. काकी तक्रार कुणाकडं करणार? जो पैसा घरात नव्हताच, त्याच्या वाटणीची तक्रार करता येत नाही.

मग 1980 साल उजाडलं. टेक्सासमधल्या हंट बंधूंनी जगातली चांदी गोळा करायचा चंग बांधला होता. जानेवारीत औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेलेला भाव पुढं उतरत गेला आणि 27 मार्चला एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर, अकरा डॉलरच्या खाली कोसळला. आमच्या धाकट्या काकांनी चढ्या भावात चांदी भरून ठेवली होती, वडिलांना न विचारता. वडिलांनी चष्मा पुसला नाही. बोलले. काकाही बोलले. आणि त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे एकमेकांशी बंद. सोपा तोच, पंगत तीच, अंतर चार हातांचं. "सांग तुझ्या काकाला, आग्र्याचा माल उद्या जायचाय." मी वळून सांगायचे. "सांग तुझ्या बापाला, ऐकू आलंय." मरे बोवेन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ सांगून गेले, की दोन माणसांतला ताण सोसेना झाला की ती तिसऱ्याला मधे ओढतात आणि घर त्या त्रिकोणावर उभं राहतं. हे मी फार उशिरा वाचलं. त्यातला तिसरा कोन बारा-तेरा वर्षांचा असतो आणि त्याला निरोपाची धार कमी करून पोचवायची कला आपोआप येते, हे मला त्याआधीच ठाऊक होतं. "गाढवाला सांग" असा निरोप निघाला की पलीकडं फक्त "सांगितलंय" एवढंच पोचायचं. पुढं नोकरीत सगळे मला समजूतदार म्हणत. त्या समजूतदारपणाचा मला अजून संशय येतो.

चार वर्षं असं चाललं. 1984 मध्ये वाटणी झाली आणि सोप्यातून भिंत घालायची ठरली. पायासाठी चर खणायला घेतला, तेव्हा गवंड्याच्या पहिल्या पाटीवर थोरले काका ओरडले, "माती बाहेर न्यायची न्हाई!"

शेणानं सारवलेली जमीन ती. आजोबांच्या तरुणपणापासून त्या जमिनीत चांदी मुरत होती. कितीही कुंचा फिरवला तरी पोपडा निघायचा, भेग पडायची, किस आत जायचा, वरून पुन्हा सारवण. काम चाललेल्या घराची माती गावात विकली जाते, ही इथली रीतच. कागदावर छप्पर, शेत, चांदी, भांडी, देव सगळं वाटून झालं होतं. माती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. थोरले काका म्हणाले, भट्टी माझ्या बाजूला होती, चांदी तिथंच जास्त मुरली. वडील म्हणाले, सामाईक. धाकटे काका माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग ह्यांना, मोजून वाटा." पोती भरून परड्यात उभी राहिली आणि भिंतीचं काम थांबलं.

आजी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं झारेकऱ्याला बोलावणं धाडलं आणि तिन्ही लेकांना परड्यात उभं केलं. "केर कुणाचा असतोय ह्या घरात?" कुणी बोलेना. "माती म्हंजे काय? राहिल्याला केरच न्हवं?" तिच्यापुढं तिघांनाही उत्तर सुचलं नाही, कारण केर आपला आहे असं म्हणायचं तर इतकी वर्षं डोळे का मिटले, हे सांगावं लागलं असतं. पैसे आले ते तिनं पाच जागी दिले. तीन सुना, आणि दोन लेकी. माझ्या त्या दोन आत्यांना वाटणीत साडीचोळीपलीकडं काही मिळालं नव्हतं. बापाच्या घरातला हिस्सा त्यांना मिळाला तो असा, पायाच्या चरातून.

भिंत झाली. फरशी बसली. फरशीवर कुंचा स्वच्छ फिरतो, सारवण लागत नाही, आणि केर थोडा पण चोख निघतो. हळूहळू झारेकऱ्यांचं येणं थांबलं. केर गाळणाऱ्या रिफायनरीकडं जाऊ लागला. तिथं तो तेजाबात विरघळवतात, तांब्याची पट्टी सोडून चांदी खाली बसवतात, आणि हातात पावती देतात: इतके ग्रॅम, इतका टंच, इतके रुपये. पावती वहीत चिकटवावी लागली. वही पुरुषांकडं. असा पहिल्यांदाच केराचा आकडा झाला आणि आकडा झाल्याबरोबर त्याला मालक मिळाला. भांडण नाही, ठराव नाही. आईनं डबा उचलून माडीवर ठेवला आणि त्यात पुढं कडधान्य भरलं. आजी तोवर गेलेली होती.

माझं लग्न 1990 मध्ये झालं. सासर कोल्हापुरात, नोकरदारांचं. तिथला केर बिनकामाचा, घंटागाडीत जाणारा. त्यावर मी फार काही सांगणार नाही. पण माहेरच्या घरात माझी जागा कुठं, हा प्रश्न कायद्यानं मात्र मला निवांत बसू न देता पुन्हा पुन्हा विचारला. 22 जून 1994 ला महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. आधी लग्न झालेल्या वगळून, म्हणजे मी बाहेर. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राचा कायदा आला, त्यात लग्नाची अट नाही, म्हणजे मी आत. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या तारखेला बापही हयात हवा. वडील 2003 मध्ये गेलेले, पुन्हा बाहेर. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तेच न्यायालय म्हणालं, बाप हयात असण्याची गरज नाही. पुन्हा आत. या तीस वर्षांत मी दर भाऊबिजेला हुपरीला जात होते आणि दारात तोच टिळा लागत होता.

2021 मध्ये भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. बिनमोबदला, 200 रुपयांच्या मुद्रांकावर. सोबत वहिनीनं दिलेली पैठणी. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. गावात सगळ्या बहिणी करतात, आत्यांनी केलं होतं, आपलीही करील, एवढंच. मी विचारलं, "माझा हिस्सा किती होतो?" तो हसला. "आक्के, आकड्याचं कशाला काढतीस? माहेर हाय की तुझं."

"माहेर असू दे. आकडा लिही."

आजी असती तर तिला हे आवडलं नसतं. तिनं सगळं आयुष्य आकडा न लिहिण्यावर काढलं, आणि त्या न लिहिलेल्यातून पाच बायकांचं निभावलं. पण तिच्यासारखी आजी प्रत्येक घरात असेल याची हमी कोण देणार? आणि थोरल्या काकीच्या त्या दोन दिवाळ्या मी विसरलेले नाही. त्या वर्षी भाऊबिजेला फोन आला, भाऊ न्यायला आला नाही. पुढच्या वर्षी आला. हक्कसोड बाजूला राहिलं आणि वाटणीपत्र झालं. निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याच्या यंत्रावर बोट ठेवताना तो पुटपुटला, "दादा असते तर काय म्हणाले असते?" मी म्हटलं, "चष्मा पुसला असता." तो एकदम हसला, शेजारचा टंकलेखक बघतच राहिला.

आता भाच्याचं काम गावाबाहेरच्या शेडमध्ये चालतं. साखळी यंत्रावर होते, धूळ यंत्रच ओढून घेतं, पिशवी महिन्यानं सुटते. सूनबाई बी.कॉम. झालेली, जीएसटीची विवरणपत्रं तीच भरते. गेल्या दिवाळीला वहिनीनं मोठ्या मायेनं तिला सांगितलं, की आमच्यात केराचा पैसा सुनेचा असतो, तर पिशवीतली चांदी तुझी. वहिनीला वाटलं, पोरगी पाया पडेल. ती म्हणाली, "केर नको आई. दुसरं मशीन घेताय ते माझ्या नावावर घ्या, मजुरीचं बिल मी माझं फाडते."

वहिनीला ते लागलं. लागणारच, तिनं घरातली सगळ्यात जुनी गोष्ट देऊ केली होती. मला फोन करून म्हणाली, "तुझ्याकडं बघून शिकली." मी कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. मशीन आलंय, नाव कुणाचं घालायचं ते अजून ठरायचं आहे. सासू-सुनेचं बोलणं मधे बंद पडलं होतं. पण एकुलता नातू पुण्याला होस्टेलवर, निरोप पोचवायला घरात पोर नाही. त्यामुळं जे काय भांडायचं ते दोघींना समोरासमोर बसूनच भांडावं लागतंय.