कल्हई, काच आणि दिवे

परवा तास संपल्यावर एमएस्सी फिजिक्सची एक विद्यार्थिनी थांबली. "सर, पीएचडीला नाव घालू का? घरचे म्हणतायत, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी स्वतः पीएचडी आहे आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. तिला तोंडी जे जमलं नाही, ते इथं लिहितोय.

माझा विषय टिन सल्फाइडच्या पातळ फिल्म. टिन म्हणजे आपलं कथील. संशोधनाला लागलो तेव्हा आज्जीनं विचारलं, "करतोस तरी काय रं?" म्हटलं, काचेवर कथलाचा थर चढवतो. "म्हंजी कल्हईच की! त्याला येवढी वर्सं कशाला?"

आज्जीचं फारसं चुकलं नव्हतं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसानं पुसून घेतो. आमच्याकडे भट्टीऐवजी चार बीकर. पहिल्यात स्टॅनस क्लोराइड, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, चौथ्यात पुन्हा पाणी. काचपट्टी ओळीनं चारही बीकरमध्ये बुडवायची. एका फेरीत अगदी नाममात्र थर बसतो, म्हणून अशा शंभरेक फेऱ्या. हळूहळू काच तपकिरी होते. या पद्धतीला सिलार म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे केमिकल बाथ, सगळं एकाच बीकरमध्ये. स्टॅनस क्लोराइड नुसत्या पाण्यात टाकलं तर ताकासारखं पांढरं होतं, त्यात आम्ल घालावं लागतं. हे शिकण्यातच माझा पहिला महिना गेला. गंधकाचा वास कपड्यांना असा बसायचा की केएमटीत शेजारचा माणूस सरकून बसायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? सोलर सेलसाठी. पातळ थराच्या सेलमध्ये आज कॅडमियम टेल्युराइड आणि इंडियम-गॅलियमची संयुगं वापरतात. कॅडमियम विषारी, टेल्युरियम आणि इंडियम दुर्मीळ. कथील आणि गंधक त्या मानानं मुबलक, विषारीपणाही कमी. शिवाय टिन सल्फाइड प्रकाश इतका चांगला शोषतं की एक मायक्रॉनच्या आसपासचा थर पुरतो. सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनच्या घरात असते.

अडचण अशी की कथील आणि गंधकाची जोडी एकाच प्रकारे जमत नाही. एका कथलाला एक गंधक जुळला तर हवं ते तपकिरी-काळं टिन सल्फाइड. दोन जुळले तर पिवळसर डायसल्फाइड. दोन्ही मिसळले की फिल्म बिघडली. डोळ्यांना हे नेहमी कळत नाही, एक्सआरडीत कळतं. क्ष-किरण फिल्मवर टाकले की स्फटिकाच्या रचनेप्रमाणे ठरावीक कोनांवर शिखरं उमटतात. माझं शिखर बत्तीस अंशांच्या अलीकडे यायला हवं होतं. यायचं, पण सोबत पंधरा अंशांजवळ डायसल्फाइडचं पाहुणं शिखर असायचंच. त्याला घालवायला आठ महिने गेले.

मग ऑप्टिकल तपासणी. कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं आणि आलेखावरून बँड गॅप काढायचा. सूर्यप्रकाशासाठी तो 1.1 ते 1.5 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दरम्यान असलेला बरा. माझा 1.3 च्या आसपास आला त्या दिवशी राजारामपुरीत जाऊन मित्रांना मिसळ चारली. पैसे उसने घेतले होते, कारण फेलोशिपचा हप्ता अडकला होता.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, ही पोरं पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला होता. आम्हाला तो लागला. पण राग बाजूला ठेवून खरं सांगतो, माझ्या फिल्मवर आजवर एकही दिवा लागलेला नाही. जगातल्या सगळ्यात चांगल्या प्रयोगशाळांतही टिन सल्फाइडचे सेल पाच टक्क्यांच्या आसपासच अडकलेत. छतावरचे सिलिकॉन पॅनेल वीस टक्क्यांच्या वर देतात.

मग उपयोग काय?

उपयोग असा, की कोट्यवधींची यंत्रं नसतानाही बीकर आणि काचपट्टीवर जागतिक दर्जाचं काम होतं, हे कोल्हापूरनं दाखवलं. 1962 ला सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्वस्त पद्धतींवर आयुष्य घातलं. केमिकल बाथवरचा 2000 चा आणि सिलारवरचा 2004 चा त्यांचा आढावा-लेख जगभर वाचला जातो. चंदगड, गारगोटीकडची पोरं इथं शिकून दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांत पोहोचली.

पण ती तिकडेच का जातात, हाही प्रश्न विचारला पाहिजे. देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो. पीएम सूर्यघर योजनेत 1 कोटी घरांवर पॅनेल बसवायचं ठरलंय, उत्तमच आहे. पण काचपट्टीवरच्या एक चौरस सेंटिमीटर फिल्मपासून छतावरच्या पॅनेलपर्यंतचा रस्ता कुणी बांधायचा? ते काम करणाऱ्याला पगार कोण देणार? लॅबमध्ये मी सीबीडी केलं, म्हणजे केमिकल बाथ. बाहेर पडल्यावर सीएचबी झालो, म्हणजे तासावर पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद. दिवे लावायला सांगायचं आणि वात-तेल द्यायचं नाही, असा हा प्रकार.

त्या मुलीला उद्या सांगणार आहे: नाव घाल. पण आधी तीन गोष्टी विचार. फेलोशिप दर महिन्याला हातात पडते का? एक्सआरडीसाठी नंबर किती दिवसांनी लागतो? आणि आधीची मुलं आज कुठं आहेत? उत्तरं वाईट आली, तरी विचारायचं सोडू नको.

आज्जी म्हणायची, कल्हई एकदा करून भागत नाही, वरचेवर करावी लागते. नाहीतर पितळेच्या भांड्यातलं ताक कळकतं.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी पीएचडी करून तासावर शिकवत असेल, तर कमेंटमध्ये विषय लिहा. नावं नकोत. आपल्या जिल्ह्यात काय काय शिजतंय आणि कुठं कळकतंय, ते तरी एकत्र दिसू दे.

#कोल्हापूर #संशोधन #तासिकातत्त्व